माझदा एमएक्स-५ ची मागची बाजू: नवी स्प्रिंग, आखूड स्प्रिंग की कॉइलओव्हर?

जुनी एमएक्स-५ घेतली की वर्षभराच्या आत मागच्या स्प्रिंगांचा प्रश्न समोर येतोच. गाडी मागून बसलेली असते, किंवा एका अंगाला कललेली असते, किंवा सगळं धड असूनही चाक आणि मडगार्डची कमान यांमधली फट मालकाच्या डोळ्यांत खुपत असते. शोधायला लागलं की चार उपाय पुढे येतात: मूळ मापाची नवी स्प्रिंग, आखूड आणि थोडी कडक स्प्रिंग, स्प्रिंगची बैठक वरखाली करता येणारा शॉकअब्सॉर्बर आणि संपूर्ण कॉइलओव्हर सेट, म्हणजे आट्यांवर उंची लावता येणारी स्प्रिंग-शॉकअब्सॉर्बरची जोडी. चौघांच्या किमतींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, तरी केवळ किमतीवरून निवड करू नये असं माझं ठाम मत आहे. एवढ्या हलक्या गाडीत सगळ्यात मोलाची असते ती चाकाला वर जायला उरलेली जागा. कोणता उपाय ती जागा किती खातो आणि बदल्यात काय देतो, हे आधी बघायचं.

इथे बोलतोय ते पहिल्या दोन पिढ्यांबद्दल: फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवलेली, वर उघडणाऱ्या हेडलाइटांची एनए, आणि १९९८ ते २००५ या काळातली एनबी. अमेरिकेत हीच मियाटा, जपानात सुरुवातीला युनोस रोडस्टर. भारतात ती अधिकृतपणे कधी आली नाही. आपल्याकडे माझदा हे नाव स्वराज माझदाच्या बसमुळे ठाऊक. पण परदेशात राहणाऱ्या आणि मर्यादित पैशांत खरीखुरी स्पोर्ट्स कार हवी असणाऱ्या मराठी माणसाला मी पहिलं नाव हिचंच सुचवतो. माझ्या पाहण्यातल्या गाड्या ब्रिटनमधल्या आहेत, त्यामुळे हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ, गंज आणि तिथले रस्ते हे सगळं पुढे येत राहील.

गाडी हलकी आहे म्हणजे नेमकं काय

मॉडेलनुसार या गाडीचं वजन साधारण ९५० ते १,०५० किलो. दोन माणसं बसली की त्यात १५० किलोची भर पडते, म्हणजे जवळजवळ सहावा-सातवा हिस्सा. मोठ्या सेडानमध्ये दोन माणसं बसल्याचं स्प्रिंगांना फारसं जाणवत नाही. इथे जाणवतं, आणि सीट मागच्या चाकांच्या जवळ असल्यामुळे मागच्या स्प्रिंगांना जास्त जाणवतं.

आकड्यांत बघू. सस्पेन्शन चारही चाकांना डबल विशबोनचं आहे, म्हणजे प्रत्येक चाक एक वर, एक खाली अशा दोन आर्मांनी धरलेलं, आणि शॉकअब्सॉर्बर चाकाच्या आत, आर्मवर टेकलेला असतो. त्यामुळे चाक १० मिमी वर गेलं तर स्प्रिंग १० मिमी दबत नाही, थोडी कमी दबते. या प्रमाणाला मोशन रेशो म्हणतात. हिशेबासाठी मागे ते ०.७५ धरू. स्प्रिंगचा कडकपणा चाकापाशी मोजायचा तर या आकड्याच्या वर्गाने गुणायचं. मूळ स्प्रिंगच्या जातीची, २१ न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग धरली तर चाकापाशी उरतात जेमतेम १२. दोन माणसांच्या वजनातलं साठ टक्के मागे आलं असं मानलं, तर प्रत्येक मागच्या चाकावर ४५ किलो वाढले आणि गाडी मागून सुमारे ३७ मिमी खाली बसली. मध्ये बंप स्टॉप, म्हणजे चाक वर जाताना शेवटी अडवणारा रबराचा किंवा फोमचा ठोकळा, आला नाही तर.

म्हणजे मूळ गाडीतच दोन माणसं आणि डिकीत दोन बॅगा एवढ्याने मागची बरीचशी चाल, म्हणजे चाकाला वर जायची जागा, संपते. आता हीच गाडी कोणी आणखी ३० मिमी खाली घेतली, तर रस्त्यातल्या खड्ड्यासाठी काय उरलं? बहुतेकांचा निर्णय चुकतो तो इथे, कारण फोटो रिकाम्या गाडीचा काढलेला असतो.

मोजल्याशिवाय काही विकत घेऊ नका

सपाट जमीन शोधा. टायरमधली हवा बघा. या गाडीला मूळ शिफारस २६ पीएसआयची आहे. टाकी अर्धी भरलेली असू द्या. गाडी पुढेमागे थोडी ढकलून, चारही कोपऱ्यांवर दाबून स्प्रिंगांना त्यांच्या जागी बसू द्या, कारण जॅकवरून नुकतीच उतरवलेली गाडी खोटं माप देते. मग चाकाच्या केंद्रापासून कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर चारही ठिकाणी मोजा.

ब्रिटनमधल्या गाडीत या मापावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. कापडी छपराचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबतात, मागच्या सिलचा (दरवाजाखालच्या पट्ट्याचा) आणि कमानीचा पत्रा सडतो आणि कोणीतरी तिथे नवा तुकडा जोडलेला असतो. कमानच दोन्ही बाजूंना सारखी नसेल तर माप काय सांगणार? म्हणून दुसरं माप दरवाजाखालच्या पत्र्याच्या जोडशिवणीपासून जमिनीपर्यंत घ्यायचं, पुढच्या टोकाला आणि मागच्या टोकाला. दोन्ही मापं एकच गोष्ट सांगत असतील तरच स्प्रिंगला दोष द्या.

चाकांचा आकार बदललाय का तेही पाहून घ्या. मूळच्या १८५/६० आर १४ टायरचा व्यास सुमारे ५७८ मिमी आणि लोकप्रिय १९५/५० आर १५ चा ५७६. उंचीत फरक नाही, पण टायरची बाजूची भिंत १११ मिमीवरून ९७.५ वर येते. धक्के जास्त लागायला लागले की लोक स्प्रिंगला नावं ठेवतात. कारण कधीकधी एवढंच असतं.

मूळ मापाची नवी स्प्रिंग

हा उपाय कंटाळवाणा वाटतो आणि म्हणून सगळ्यात कमी निवडला जातो. माझ्या मते तीस वर्षांची गाडी रस्त्यावरच चालवणाऱ्या बहुतेक मालकांसाठी तोच योग्य आहे, फक्त सोबत नवे शॉकअब्सॉर्बर आणि नवे बंप स्टॉप हवेत.

एक गैरसमज आधी दूर करतो. बसलेली स्प्रिंग मऊ झालेली नसते. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास, वेटोळ्यांची संख्या आणि पोलादाचा गुणधर्म यांवर ठरतो. वर्षानुवर्षं दबून राहिल्याने यातलं काहीच लक्षात येण्याएवढं बदलत नाही. कमी होते ती तिची मोकळी लांबी. म्हणजे बसलेली गाडी ही एका अर्थी आखूड स्प्रिंगची गाडी, तेवढाच कडकपणा आणि कमी चाल. गाडी 'मऊ' वाटते ती शॉकअब्सॉर्बर थकल्यामुळे आणि सारखी बंप स्टॉपवर आदळत असल्यामुळे.

गंजाची गोष्ट मात्र निराळी. तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घातात होतो. गंजाने तार पाच टक्के बारीक झाली तर कडकपणा अठरा-एकोणीस टक्क्यांनी घटतो, आणि त्याच जागी ती तुटायचीही शक्यता असते. शेवटच्या वेटोळ्यावरचा रंग उडून पापुद्रे सुटत असतील तर उंची कितीही बरोबर असो, स्प्रिंग बदला.

स्प्रिंग गंजलेली नसेल आणि फरक फक्त एका बाजूला ५-१० मिमीचा असेल, तर स्प्रिंग आणि वरची बैठक यांच्यामध्ये योग्य जाडीची पॅकिंग रिंग घालणं हा सरळ आणि स्वस्त मार्ग आहे. कडकपणा बदलत नाही, चाक वर जायची हरवलेली जागा परत मिळते. मोशन रेशोमुळे ६ मिमीची रिंग गाडीला ८ मिमी उचलते, एवढं लक्षात ठेवून जाडी निवडा.

आखूड स्प्रिंग, जुनेच शॉकअब्सॉर्बर

सगळ्यात जास्त विकला जाणारा आणि माझ्या मते सगळ्यात जास्त निराश करणारा उपाय हाच. चार स्प्रिंगांचा खोका येतो, गाडी २५-३० मिमी खाली येते, कमानीतली फट भरते. आठवडाभर मालक खूश असतो. मग रस्त्यातल्या पहिल्या मोठ्या जोडावर मागून धाडकन आवाज येतो.

कारण साधं आहे. समजा मूळ उंचीला मागच्या चाकाला वर जायला ६० मिमी होते. त्यातले ३० गेले, निम्मे. बदल्यात स्प्रिंग तीस टक्के कडक आली. तेवढाच धक्का पचवायला लागणारी चाल कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते, म्हणजे तीस टक्के कडक स्प्रिंगला बाराएक टक्के कमी चाल पुरते. गरज बारा टक्क्यांनी घटली, जागा पन्नास टक्क्यांनी. उरलेलं काम बंप स्टॉप करतो, आणि तो करतो ते अचानक.

वळणात याचं रूप आणखी वाईट होतं. बाहेरचं मागचं चाक दबून बंप स्टॉपवर टेकलं की त्या कोपऱ्याचा कडकपणा एका क्षणात अनेक पटींनी वाढतो. मागचा भाग पुढच्यापेक्षा एकदम कडक झाला की मागचे टायर आधी पकड सोडतात. मागच्या चाकांवर चालणारी, आखूड व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत कमी अंतर असलेली) गाडी, ओला रस्ता, वळणाच्या मध्येच उंचवटा: यात गाडी मागून फिरली तर तो दोष चालवणाऱ्याचा म्हणता येणार नाही.

शॉकअब्सॉर्बरकडेही बघायला हवं. कडकपणा वाढला की तोच शॉकअब्सॉर्बर तुलनेने अपुरा पडतो, तोही वर्गमुळाच्या हिशेबाने. तीस टक्के कडक स्प्रिंगला जुन्याचा परिणाम सुमारे बारा टक्क्यांनी कमी होतो. नवा असेल तर चालून जाईल. पंचवीस वर्षांचा असेल तर त्याच्यात कमी व्हायला काही उरलेलंच नसतं, आणि गाडी प्रत्येक उंचवट्यानंतर डुलत राहते.

दबत जाईल तशा कडक होणाऱ्या प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगांची जाहिरात 'शहरात मऊ, वळणात कडक' अशी होते. हलक्या गाडीच्या मागच्या कोपऱ्यात मला ती पटत नाही. जवळजवळची वेटोळी गाडीच्या स्वतःच्या वजनानेच मिटलेली असतात, तर कधी दोन माणसं बसल्यावर मिटतात; म्हणजे एकट्याने चालवताना एक गाडी आणि जोडीदार बसल्यावर दुसरी. शॉकअब्सॉर्बर दोन्हींसाठी बरोबर असू शकत नाही.

तरीही आखूड स्प्रिंगच हवी असेल तर खाली येणं १५-२० मिमीपर्यंत ठेवा, शॉकअब्सॉर्बर नवे घ्या आणि बंप स्टॉप त्या चालीला शोभतील असे छोटे, फोमचे बसवा. एनबीचे वरचे माउंट एनएवर बसवण्याची पद्धतही याच गरजेतून रूढ झाली; शॉकअब्सॉर्बरला वर जायला थोडी जास्त जागा मिळते.

मधला रस्ता: खाचांचा शॉकअब्सॉर्बर

याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. काही शॉकअब्सॉर्बरच्या नळीवर दोन-तीन खाचा असतात. सर्क्लिप वरच्या किंवा खालच्या खाचेत बसवली की स्प्रिंगची बैठक तेवढी सरकते. कोनीचे पिवळे स्पोर्ट याचं ओळखीचं उदाहरण, वर रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत उघडतानाचा रोध) कमीजास्त करायची सोयही असते. उंची ठरावीक पायऱ्यांतच बदलते आणि त्यासाठी सगळं उतरवावं लागतं. पण एकदा लावून विसरायचं असेल, रोज मीठ टाकलेल्या रस्त्यावर गाडी न्यायची असेल, तर गंजून अडकायला आटेच नाहीत हा मोठा फायदा आहे. माझदाने काही स्पोर्ट आवृत्त्यांना बिलस्टाइनचे शॉकअब्सॉर्बर दिले होते. तसे बरे राहिलेले मिळाले आणि मूळ मापाच्या स्प्रिंगा लावल्या, तर तोही याच पंगतीतला उत्तम पर्याय.

कॉइलओव्हर: आट्यांची नळी आणि तिच्यामागचं गणित

कॉइलओव्हर घेणारा प्रत्येक जण 'उंची बदलता येते' म्हणून घेतो. ती कशी बदलते यावरून मात्र दोन वेगळ्या जाती पडतात, आणि विकणारा हा फरक क्वचितच समजावून सांगतो.

पहिल्या जातीत शॉकअब्सॉर्बरची एकूण लांबी कायम असते. बाहेरच्या आट्यांवर बसवलेली कॉलर फिरवली की स्प्रिंगची खालची बैठक वर किंवा खाली जाते. बैठक खाली घेतली की गाडी खाली येते आणि शॉकअब्सॉर्बरचा दांडा तेवढाच जास्त आत जातो. म्हणजे इथेही वर जायची चाल कमी होते, आखूड स्प्रिंगसारखीच. फरक एवढा की ही नळी मुळात आखूड बनवलेली असल्यामुळे सुरुवातीची शिल्लक जास्त असते.

दुसऱ्या जातीत खालचा कंस वेगळा असतो आणि संपूर्ण नळीच त्यात वरखाली स्क्रू होते. स्प्रिंग आणि दांडा यांचं नातं न बदलता उंची बदलते, त्यामुळे शॉकअब्सॉर्बरची चाल शाबूत राहते. ऐकायला ही जात निर्विवाद श्रेष्ठ वाटते. पण शॉकअब्सॉर्बरची चाल वाचली म्हणून टायर आणि पत्र्यातली जागा वाचत नाही. गाडी फार खाली घेतली तर आता बंप स्टॉपच्या आधी टायर कमानीच्या आतल्या पत्र्याला घासतो. शिवाय खालचा कंस चिखल-मिठात असतो. दोन हिवाळे हात लावला नाही तर तो आटा सुटत नाही.

आता सर्वांत रुळलेला गैरसमज: 'कॉलर वर घट्ट केली की स्प्रिंग कडक होते.' होत नाही. सरळ, एकसारख्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगवर गाडीचं वजन तेवढंच आहे, तर ती तेवढीच दबणार. कॉलर वर घेतल्याने फक्त गाडी वर येते. १० मिमी कॉलर म्हणजे चाकापाशी सुमारे १३ मिमी. आट्यांचं अंतर २ मिमी असेल तर एका पूर्ण फेऱ्याला गाडी पावणेतीन मिमीच्या आसपास हलते. कडकपणा हवा असेल तर स्प्रिंग बदलावी लागते, दुसरा मार्ग नाही.

कडकपणाचे आकडे तीन वेगवेगळ्या मापांत येतात आणि गोंधळ होतो. जपानी सेटवर किलो प्रति मिमी, अमेरिकनवर पाउंड प्रति इंच, युरोपियनवर न्यूटन प्रति मिमी. १ किलो प्रति मिमी म्हणजे ९.८ न्यूटन प्रति मिमी, म्हणजेच सुमारे ५६ पाउंड प्रति इंच. तुलना करण्याआधी सगळं एका मापात आणा.

समजा मागे ५ किलो प्रति मिमीची स्प्रिंग आली. चाकापाशी कडकपणा साडेसत्तावीस न्यूटनच्या घरात, मूळच्या दुपटीहून जास्त. दोन माणसं बसल्यावर गाडी ३७ ऐवजी १६ मिमी बसते. ही खरी कमाई, आणि याच कारणासाठी कडक स्प्रिंगवर गाडी थोडी खाली घेणं परवडतं. दोन माणसांसह मागच्या बाजूची नैसर्गिक आंदोलनं सेकंदाला १.१ वरून १.७ पर्यंत जातात. गुळगुळीत रस्त्यावर हे नेमकं आणि चपळ वाटतं. ठिगळं मारलेल्या गावाकडच्या इंग्लिश रस्त्यावर दोन तासांनी पाठ बोलायला लागते.

दुसरी अडचण उलट्या दिशेची आहे. हलक्या गाडीने कडक स्प्रिंग फारशी दबतच नाही. मागच्या एका कोपऱ्यावर रिकाम्या गाडीचं २०० किलो वजन धरलं, तर मूळ स्प्रिंग त्याखाली सव्वाशे मिमीच्या आसपास दबते, ५ किलोची जेमतेम ५३ मिमी. म्हणजे चाक खड्ड्यात खाली जाताना तेवढ्यात स्प्रिंगचा दाब संपतो, आणि त्यापुढे ती बैठकीवर सैल होऊन खडखडते. म्हणून चांगल्या सेटमध्ये मुख्य स्प्रिंगच्या वर एक पातळ सहायक स्प्रिंग असते. ती भार पेलत नाही, मुख्य स्प्रिंगला जागेवर धरते. मागच्या स्प्रिंगवर ती दिसत नसेल आणि कडकपणा जास्त असेल, तर विकणाऱ्याला प्रश्न विचारा.

पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा कडक, हा या गाडीच्या जवळपास सगळ्या शहाण्या सेटचा नियम आहे. 'मागून गाडी बसते' म्हणून फक्त मागची जोडी कडक करणं हा सगळ्यात वाईट सौदा: वजन वळणात मागच्या बाहेरच्या टायरवर जास्त लादलं जातं आणि गाडी मागून सुटायला उत्सुक होते.

कॉलरचा खरा उपयोग मला वाटतो तो चार कोपऱ्यांची वजनं जुळवण्यासाठी. डाव्या मागच्या कोपऱ्याची कॉलर वर घेतली की डावं मागचं आणि उजवं पुढचं चाक जड होतं, उरलेली दोन तेवढीच हलकी. पुढची बेरीज आणि मागची बेरीज तशीच राहते, बदलतो तो कर्ण. चार वजनकाट्यांवर गाडी उभी करून, चालक सीटवर बसवून, अँटिरोल बारचे (डावं-उजवं चाक जोडून कलणं कमी करणाऱ्या दांड्याचे) दुवे सोडवून, दोन्ही कर्णांवर अर्धं-अर्धं वजन येईपर्यंत कॉलर थोड्याथोड्या फिरवायच्या. ब्रिटनमधल्या उजव्या स्टिअरिंगच्या, ९५० किलोच्या गाडीत एकटा चालक हाच मोठा असमतोल असतो, त्यामुळे हे काम दिखाऊ नाही. ब्रेक मारताना डावं-उजवं पुढचं चाक एकाच वेळी लॉक होऊ लागलं की पैसे वसूल झाल्याचं कळतं. पण ट्रॅकवर जाणार नसाल आणि वजनकाटे असलेलं गॅरेज जवळपास नसेल, तर हा फायदा तुमच्यासाठी कागदावरच राहतो.

स्प्रिंग कापणे

नको. सहा कार्यरत वेटोळ्यांतलं एक कापलं तर कडकपणा वीस टक्के वाढतो, उंची अंदाजाने उतरते आणि बैठकीवर बसणारं घडवलेलं टोक जातं. चाक लटकलं की स्प्रिंग जागा सोडू शकते.

किती खाली, आणि मागे-पुढे किती फरक

गाडीखाली वाकून मागचा खालचा आर्म बघा. गाडी आपल्या वजनावर उभी असताना तो आडवा किंवा चाकाकडे किंचित उतरता असावा. चाकाकडे चढता दिसला तर तुम्ही जास्त खाली गेलात. डबल विशबोनमध्ये गाडी खाली घेतली की रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) बहुधा गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली जातं. दोघांतलं अंतर वाढतं आणि त्याच कडकपणाला गाडी वळणात जास्त कलते. खाली घेतलेली गाडी कमी कलते हे ठरावीक मर्यादेपर्यंतच खरं आहे.

मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी उंच ठेवा. दरवाजाखालच्या शिवणीवर मोजलं तर मागचं टोक १०-१२ मिमी वर, ही या गाडीला मानवणारी सुरुवात. मागे आणखी उंच केलं तर गाडी वळणात शिरायला तत्पर होते आणि ब्रेकखाली मागून हलकी वाटते. मागे बसलेली असेल तर स्टिअरिंग सुस्त लागतं. पाच मिमीचा फरकही या वजनाच्या गाडीत जाणवतो.

हाच नियम दुसऱ्या हलक्या गाड्यांना जसाच्या तसा लावू नका. कॅटरहॅम सेव्हनचं उदाहरण घ्या. १९५७ च्या लोटस सेव्हनचे हक्क १९७३ मध्ये कॅटरहॅमने घेतले, आणि आजही वजन पाचशे-सहाशे किलोच्या घरात. सुझुकीचं ६५८ सीसी इंजिन असलेली १७० तर ४४० किलोची. तिच्या बऱ्याच मॉडेलांत मागे दे दियों नळी आहे, दोन्ही चाकं तिने जोडलेली असल्यामुळे उंची बदलली तरी मागचा कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) बदलत नाही. तिथे मर्यादा येते ती पुढे, इंजिनखालच्या सम्पची, म्हणजे तेलाच्या भांड्याची. १९९६ च्या लोटस एलिसने तिसरा धडा दिला: सव्वासातशे किलोची गाडी, तुलनेने मऊ स्प्रिंग आणि नेमका शॉकअब्सॉर्बर. माझा कल याच बाजूला आहे. हलक्या गाडीला कडक स्प्रिंगची गरज जड गाडीपेक्षा कमी असते, आणि आपण बरोबर उलटं करत बसतो.

मग घ्यायचं काय

रोजचा वापर, खराब रस्ते, बऱ्याचदा दोन माणसं: मूळ मापाच्या चार स्प्रिंगा, चांगले नवे शॉकअब्सॉर्बर, नवे बंप स्टॉप. ब्रिटनमधले गतिरोधक कायद्याने १०० मिमीपर्यंत उंच असू शकतात. त्यांच्यावरून रोज जायचं असेल तर ही उंची लागणारच.

सुटीच्या दिवशी वळणांच्या रस्त्यावर फिरायचं, गाडी थोडी खाली दिसायला हवी: खाचांचे शॉकअब्सॉर्बर आणि १५-२० मिमी खाली आणणाऱ्या सरळ स्प्रिंगा. मला स्वतःला विचाराल तर मी इथे थांबेन.

वर्षातून काही वेळा ट्रॅकवर जाणार आणि स्वतः पाना हातात घेणार: कॉइलओव्हर, पण नामवंत आणि ज्याच्या नळीची दुरुस्ती होऊ शकते असा. स्वस्तातला, बत्तीस क्लिकांचा (शॉकअब्सॉर्बरचा रोध बत्तीस पायऱ्यांत बदलणारा) सेट घेण्यापेक्षा तेच पैसे वरच्या पर्यायात घाला. त्यात शॉकअब्सॉर्बरचा दर्जा सगळ्यात आधी कापला जातो, आणि हलक्या गाडीत तोच सगळ्यात जास्त कळतो.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी एक सूचना: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडीत फरक करण्यावर निर्बंध आहेत. आपल्याकडच्या गाडीत उंची बदलण्याआधी तो विचार करा. ब्रिटनमध्ये हा बदल विमा कंपनीला कळवावा लागतो, आणि तीन वर्षांहून जुन्या गाडीच्या वार्षिक एमओटी तपासणीत तुटलेली किंवा फार कमजोर झालेली स्प्रिंग नापास होते.

काम करताना

मागच्या शॉकअब्सॉर्बरचे वरचे नट डिकीतून, आतल्या आवरणामागे सापडतात. खरा वेळ खातो तो खाली हबच्या कास्टिंगमधून जाणारा लांब बोल्ट. तो गंजून बुशच्या (आर्मच्या सांध्यातल्या रबरी अस्तराच्या) नळीशी एकजीव झालेला असतो. आठवडाभर आधीपासून रोज तेल सोडा, आणि नवा बोल्ट आणून ठेवल्याशिवाय काम सुरू करू नका. खालच्या आर्मच्या आतल्या टोकाला असलेले अलाइनमेंटचे विक्षेपी (फिरवले की आर्म सरकवणारे) बोल्टही असेच अडकतात. ते फिरत नसतील तर उंची बदलल्यावर कॅम्बर आणि टो (चाकांची पुढची टोकं आत की बाहेर वळलेली, ते) जुळवताच येणार नाहीत, म्हणून स्प्रिंगा मागवण्याआधी ते फिरतात का एवढं तपासा.

आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना घट्ट करू नका. रबर त्या कोनात पकडलं जातं, गाडी खाली आल्यावर पिळलेलं राहतं, थोडी उंची खोटी दाखवतं आणि लवकर फाटतं. चाकं जमिनीवर किंवा रॅम्पवर टेकवून, गाडी तिच्या उंचीला आल्यावरच शेवटचा ताण द्या. मग अलाइनमेंट: रस्त्यासाठी मागे उणे दीड अंशाच्या आसपास कॅम्बर आणि दोन्ही चाकांना सारखं, किंचित टो-इन. मागे टो-आउट अजिबात नको. हेडलाइटांचा रोखही पुन्हा लावून घ्या.

नव्या स्प्रिंगा पहिल्या काहीशे किलोमीटरांत थोड्या बसतात, म्हणून अलाइनमेंट त्यानंतर एकदा परत तपासा. कॉइलओव्हर असेल तर त्याच वेळी लॉकरिंग घट्ट आहेत का बघा, उघड्या आट्यांवरची माती ब्रशने काढा आणि हिवाळ्याचं मीठ पडायच्या आधी त्यांच्यावर ग्रीस चोपडा.